एचएफएनसी की एनआयव्ही? न्यूमोनियात आधी काय लावावं

लहान आयसीयू चालवणारे फिजिशियन मित्र हल्ली हा प्रश्न वारंवार विचारतात. एनआयव्ही (घशात नळी न घालता मास्कमधून दाबाने श्वासाला आधार) देणारं मशीन युनिटमध्ये आहे, एचएफएनसी (नाकातल्या नळीतून, म्हणजे कॅन्युलातून, गरम, ओलसर ऑक्सिजनचा जोरदार प्रवाह) घ्यायचं घाटतंय. मग न्यूमोनियाने सॅच्युरेशन घसरलेला, धाप लागलेला, पण अजून नीट शुद्धीवर असलेला पेशंट आला की हात आधी कशाकडे जावा? मी दोन्ही वापरतो आणि माझी निवड केव्हाच झाली आहे. ती कशी झाली ते सांगतो. तुमच्या युनिटची परिस्थिती वेगळी असेल तर उत्तर थोडं बदलेल, त्याबद्दलही पुढे लिहिलं आहे.

ज्यावर वाद नाही ते आधी बाजूला काढू. सीओपीडीचा (श्वासनलिका अरुंद करणारा जुनाट फुप्फुसविकार) पेशंट कार्बन डायऑक्साइड साठवून, रक्ताचा पीएच (आम्लतेचा आकडा) ७.३५ च्या खाली घेऊन आला तर एनआयव्हीच. प्लांट आणि सहकाऱ्यांनी २००० साली ब्रिटनमधल्या १४ रुग्णालयांत, तेही साध्या वॉर्डांत, ही तुलना केली होती. नेहमीच्या उपचारांवर २० टक्के पेशंट दगावले, एनआयव्हीवर १० टक्के. हार्ट फेल्युअरमुळे फुप्फुसात पाणी भरलेल्या पेशंटची धापही मास्कवर लवकर बसते. तेव्हा एचएफएनसी आलं म्हणून एनआयव्ही अडगळीत टाकायचं काही कारण नाही. प्रश्न फक्त ऑक्सिजन कमी पडणाऱ्यांचा आहे: न्यूमोनिया, इन्फ्लुएंझा, पावसाळ्यातला लेप्टो, कोविड.

या पेशंटांच्या बाबतीत माझा कौल एका गोष्टीने ठरला, आणि ती म्हणजे मास्क.

मशीनचे आकडे कागदावर कितीही चांगले असोत, मास्क चेहऱ्यावर टिकला तर त्यांचा उपयोग. सत्तरीच्या एखाद्या आजींना एनआयव्ही लावून बघा. कवळी काढून ठेवलेली असते, गाल आत गेलेले असतात आणि मास्कच्या दोन्ही कडांनी हवा फुसफुसत डोळ्यांत जाते. गळतीचा अलार्म वाजतो, सिस्टर पट्टे आवळते. थोड्या वेळाने नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठतो, मग तिथे ड्रेसिंगचा तुकडा लावला की पुन्हा गळती. दाढी राखलेल्या काकांची तीच कथा. आजी हाताने मास्क वर उचलून म्हणतात, "काढ गं बाई हे, जीव घुसमटतोय माझा." सिस्टर म्हणते, "आजी, थोडा धीर धरा, आत्ता डॉक्टर येतील." डॉक्टर येऊन तरी काय करणार? पाणी प्यायचंय, मास्क काढा. गोळी द्यायचीय, मास्क काढा. कफ आलाय, मुलगा भेटायला आलाय आणि त्याच्याशी दोन शब्द बोलायचेत, पुन्हा मास्क काढा. दर वेळी प्रेशर शून्यावर येतं, मोठ्या मुश्किलीने उघडलेले फुप्फुसाचे भाग मिटतात आणि मॉनिटरवर ९३ चे ८० होतात. परत लावल्यावर सावरायला बराच वेळ जातो. दिवसभर हेच चालू राहतं आणि रात्री, जेव्हा हात कमी असतात, तेव्हा सर्वांत जास्त. पेशंट अस्वस्थ म्हणून कुणी झोपेचं औषध दिलं की वेगळंच संकट उभं राहतं.

एचएफएनसीवर त्याच आजी पेज खातात, नातवाशी बोलतात, आणि उपचार क्षणभरही थांबत नाही. गरम, ओलसर हवेमुळे कफ सुटतो. नाकात गरम लागतं, प्रवाह जोरात वाटतो अशा तक्रारी पहिल्या तासात येतात. प्रवाह एकदम मिनिटाला ६० लिटरवर न नेता ३० पासून चढवत नेला की त्या बहुतेक वेळा विरतात. त्रास आहेच: एसीच्या थंडीत नळीत पाणी साचतं, ह्युमिडिफायरची पाण्याची बॅग मध्यरात्री रिकामी होते, आणि कॅन्युला नाकपुडीच्या निम्म्याहून जाड निवडली तर टोचते. पण हे त्रास सिस्टरच्या हातात सुटणारे आहेत. चेहऱ्याचा आकार कुणाच्या हातात नाही.

आता अभ्यास काय म्हणतात ते पाहू. माझ्या मते या मास्कच्या गोष्टीशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही.

२०१५ चा फ्लोराली अभ्यास सगळ्यांना माहीत आहे: फ्रान्स आणि बेल्जियममधले २३ आयसीयू, ३१० पेशंट, साधा ऑक्सिजन, एचएफएनसी आणि एनआयव्ही. २८ दिवसांत इंट्युबेशन (घशातून श्वासनलिकेत नळी घालणं) एचएफएनसीवर ३८ टक्के, साध्या ऑक्सिजनवर ४७, एनआयव्हीवर ५०. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही, आणि मुख्य प्रश्न तोच होता, हे प्रामाणिकपणे लक्षात ठेवायला हवं. पण ९० दिवसांतले मृत्यू १२, २३ आणि २८ टक्के होते, आणि तो फरक ठळक होता. एनआयव्ही गटाच्या नियमात मात्र एक बारीक तपशील आहे: मास्क दिवसाला किमान ८ तास, मधल्या वेळात एचएफएनसी. म्हणजे एनआयव्ही गटातला पेशंट दिवसाचा मोठा भाग मास्कशिवाय होता. टीकाकार म्हणतात, ही एनआयव्हीची खरी परीक्षा नव्हे. मला उलट वाटतं की आपल्या आयसीयूत प्रत्यक्ष घडतं ते हेच आहे.

एनआयव्हीची बाजू भक्कम करणारा अभ्यास इटलीचा, हेनिव्हॉट, २०२१. चार आयसीयू, कोविडचे १०९ पेशंट. एका बाजूला एचएफएनसी, दुसऱ्या बाजूला हेल्मेटमधून (डोक्यावरून गळ्यापर्यंत बसणारी पारदर्शक टोपी) एनआयव्ही. श्वसनाच्या आधाराशिवाय काढलेल्या दिवसांत फरक पडला नाही, पण इंट्युबेशन हेल्मेटवर ३० टक्के आणि एचएफएनसीवर ५१ टक्के. हा फरक मी हलक्यात घेत नाही. तिथे हेल्मेट निदान पहिले ४८ तास सलग ठेवायचं होतं. हेल्मेट नाकावर दाबत नाही, म्हणून ते शक्य झालं. त्याआधी २०१६ मध्ये शिकागोत ८३ पेशंटांवर हेल्मेट आणि फेसमास्क यांची थेट तुलना झाली: इंट्युबेशन १८ विरुद्ध ६२ टक्के. अभ्यास लहान, एकाच रुग्णालयातला आणि लवकर थांबवलेला. तरी दोष प्रेशरपेक्षा मास्कचा असावा, या माझ्या समजुतीला त्यातून बळ मिळतं. हेल्मेट सहज मिळत असेल आणि ते सांभाळणारा सरावलेला स्टाफ असेल, तर माझं म्हणणं तुमच्यापुरतं बरंच सैल होतं. इटलीत ही सवय जुनी आहे, आपल्याकडे अजून रुळलेली नाही.

ब्रिटनचा रिकव्हरी-आरएस अभ्यासही मोठा आहे. कोविडमध्ये सीपॅपवर (मास्कमधून सतत एकसारखा दाब) इंट्युबेशन किंवा मृत्यू ३६ टक्के, साध्या ऑक्सिजनवर ४४. एचएफएनसीचा मात्र साध्या ऑक्सिजनपेक्षा फायदा दिसला नाही. हे माझ्या आवडीच्या विरोधात जातं. पेशंट कमी झाल्यामुळे तो अभ्यास ठरलेल्या संख्येच्या बराच आधी थांबला आणि सीपॅप विरुद्ध एचएफएनसी ही तुलना त्याचा मूळ प्रश्न नव्हता, एवढंच मी म्हणेन. युरोपच्या २०२३ च्या एआरडीएस (फुप्फुसं सुजून ऑक्सिजन घसरणारा गंभीर आजार) मार्गदर्शक सूचनांनी कोविडसाठी सीपॅपकडे सौम्य कल दाखवला आणि इतर पेशंटांसाठी सीपॅप-एनआयव्ही आणि एचएफएनसी यांपैकी एकाला दुसऱ्यावर पसंती दिली नाही. त्यानंतर ब्राझीलचा रिनोव्हेट आला: ३३ रुग्णालयं, जवळपास १८०० पेशंट, एचएफएनसी विरुद्ध एनआयव्ही. सात दिवसांत इंट्युबेशन किंवा मृत्यू ३९ आणि ३८ टक्के. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांचा गट सोडला तर उरलेल्या चारही गटांत एचएफएनसी कमी पडलं नाही असा निष्कर्ष निघाला. त्यात सीओपीडीचाही गट आहे, पण पेशंट मोजके आणि निष्कर्ष इतर गटांच्या आकड्यांचा आधार घेऊन काढलेला, म्हणून सीओपीडीबाबत मी माझी पद्धत बदललेली नाही. न्यूमोनियापुरतं मात्र मला समाधान वाटलं. निकाल सारखाच असेल तर पेशंटला जे सोसवतं ते आधी द्यावं.

एनआयव्हीबद्दल आणखी एक काळजी राहते. धापलेला पेशंट प्रेशर सपोर्टवर (प्रत्येक श्वासाला मशीनकडून मिळणारा दाब) फार मोठे श्वास घेतो. फ्रान्समधल्या एका अभ्यासात उंचीवरून काढलेल्या वजनामागे किलोला साडेनऊ मिलिलिटरच्या वर श्वास जाणाऱ्यांमध्ये एनआयव्ही जास्त वेळा फसताना दिसलं. स्वतःच्याच श्वासाच्या जोराने आधीच सुजलेलं फुप्फुस आणखी दुखावतं. तुम्ही मास्कच लावणार असाल तर निदान मॉनिटरवरचा हा आकडा दर फेरीला बघा. गळती जास्त असेल तर तोही भरवशाचा राहत नाही, तो भाग वेगळा.

एचएफएनसीचा धोका त्याच्या गुणातच आहे. पेशंट आरामात दिसतो, बोलतो, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं वाटतं. कोरियातल्या एका रुग्णालयाच्या १७५ पेशंटांच्या नोंदी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एचएफएनसी फसल्यावर ४८ तासांच्या आत इंट्युबेशन झालेल्यांपैकी ३९ टक्के आयसीयूत दगावले, उशिरा झालेल्यांपैकी ६७ टक्के. ही यादृच्छिक चाचणी (चिठ्ठी टाकल्यासारखं पेशंट गटांत वाटून केलेली) नव्हती, पण ज्याने असे पेशंट पाहिले आहेत त्याला हे पटायला वेळ लागणार नाही. म्हणून रॉक्स इंडेक्स (एचएफएनसीवर निभावेल का याचा अंदाज देणारा आकडा) चार्टवर लिहायचाच. सॅच्युरेशनला एफआयओटूने (आत जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजनचा वाटा, ०.६ म्हणजे ६० टक्के) भागा, आलेल्या आकड्याला श्वासांच्या संख्येने भागा. सॅच्युरेशन ९२, एफआयओटू ०.६, मिनिटाला ३६ श्वास, तर उत्तर साधारण ४.३. दोन, सहा किंवा बारा तासांनी ४.८८ किंवा वर असेल तर निभावण्याची शक्यता चांगली. दोन तासांनी २.८५ च्या खाली, सहा तासांनी ३.४७ च्या खाली किंवा बारा तासांनी ३.८५ च्या खाली असेल तर नळीची तयारी करा. मधल्या पेशंटला सोडून घरी जाऊ नका. श्वास मोजताना मॉनिटरवर विसंबू नका, छातीकडे बघून पूर्ण मिनिट मोजा. या गणितातला सर्वांत जास्त चुकणारा आकडा तोच असतो.

आणि ऑक्सिजन. पूर्ण एफआयओटूवर ६० लिटरचा प्रवाह म्हणजे तासाला ३६०० लिटर. सात हजार लिटरचा जम्बो सिलिंडर दोन तासही पुरत नाही. ५० लिटर प्रवाह आणि ०.६ एफआयओटू ठेवलं तरी मिनिटाला सुमारे २५ लिटर शुद्ध ऑक्सिजन जातो, म्हणजे एका सिलिंडरचे पावणेपाच तास. २०२१ च्या एप्रिलमध्ये टँकर कधी येणार या एका प्रश्नावर महाराष्ट्रातले आयसीयू कसे चालले, हे ज्यांनी पाहिलं त्यांना हे गणित समजावून सांगावं लागत नाही. तुमच्याकडे मॅनिफोल्डला (सिलिंडर एकत्र जोडायची व्यवस्था) मोजकेच सिलिंडर असतील आणि पुरवठादार पन्नास किलोमीटरवर असेल, तर माझा कल असूनही मी तुम्हाला आधी टर्बाइनचं (स्वतःच हवा ओढून दाब तयार करणारं) चांगलं एनआयव्ही मशीन, तीन मापांचे मास्क आणि जवळच्या मोठ्या आयसीयूशी पक्कं बोलणं एवढंच सुचवेन. घरगुती बायपॅपच्या (मास्कमधून दाब देणारं छोटं मशीन) नळीत टी-आकाराचा जोड लावून ऑक्सिजन सोडणं या पेशंटांसाठी टाळा. आत नेमका किती ऑक्सिजन जातोय हे कुणालाच कळत नाही, आणि रॉक्स काढायचा तर हवा असतो नेमका तोच आकडा.

लिक्विड ऑक्सिजनची टाकी किंवा भरवशाची पाइपलाइन आहे, आणि रात्री दोन वाजता नळी घालू शकणारा माणूस इमारतीत आहे, तर न्यूमोनियाला आधी एचएफएनसी लावा. सोबत जमेल तेवढा वेळ पेशंटला पालथं झोपवा. कोविडमध्ये सहा देशांत ११०० हून अधिक पेशंटांवर झालेल्या अभ्यासात त्याने उपचार फसण्याचं प्रमाण ४६ वरून ४० टक्क्यांवर आलं होतं. कॅन्युलावर पालथं होता येतं, मास्कवर बहुतेकांना जमत नाही. दोन तासांनी रॉक्स, मग सहा तासांनी, मग बारा. एनआयव्हीचं मशीन शेजारच्या सीओपीडीच्या खाटेसाठी मोकळं राहील.