पेंटॅकल्सची चौदा पाने: रायडर-वेट-स्मिथ टॅरो डेकमधले पृथ्वीतत्त्व

टॅरोचा डेक, म्हणजे भविष्य सांगण्यासाठी आणि ध्यानासाठी वापरला जाणारा चित्रमय पत्त्यांचा संच, घेताना बहुतेकांची नजर आधी मेजर अर्काना या मुख्य २२ पानांवर जाते, कारण सूर्य, चंद्र, मृत्यू अशी ठसठशीत पाने तिथेच असतात. माझ्या मते मात्र डेकचा कस पृथ्वीतत्त्वाच्या पानांवर लागतो. अग्नी किंवा वायू एखाद्या उचललेल्या हाताने किंवा उपसलेल्या तलवारीने सूचित करता येतो. पृथ्वी दाखवायची तर श्रम, वजन आणि गेलेला काळ चित्रात उतरवावा लागतो. म्हणून गेली काही वर्षे नित्य वापरात असलेल्या रायडर-वेट-स्मिथ डेकमधल्या पेंटॅकल्सच्या, म्हणजे नाण्याची खूण असलेल्या आणि पृथ्वीतत्त्वाच्या मानल्या जाणाऱ्या रंगाच्या, १४ पानांपुरतेच हे परीक्षण आहे.

हा डेक १९०९ मध्ये लंडनमध्ये विल्यम रायडर अँड सन यांनी प्रकाशित केला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची, तरी बराच काळ डेकच्या नावात प्रकाशक आणि वेट एवढेच होते, चित्रकर्तीला जागा नव्हती. जुन्या इटालियन पत्त्यांत या रंगाची खूण साधे नाणे असे आणि सत्ती म्हणजे सात वाटोळी नाणी, एवढाच मामला असे. इथे नाण्यावर पाच टोकांचा तारा आला आणि प्रत्येक अंकाला स्वतंत्र प्रसंग मिळाला. वेट आणि स्मिथ दोघेही गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाशी संबंधित होते. त्या मंडळाने भारतीय तत्त्वविचारातून पृथ्वीचा पिवळा चौकोन उचलून आपल्या ध्यानसाधनेत वापरला होता, त्यामुळे मूलाधार चक्राचे पीतवर्णी चौकोनी मंडल ठाऊक असणाऱ्याला ही पिवळी नाणी अगदीच परकी वाटत नाहीत. फरक एवढाच, की टॅरोचे चार रंग चारच तत्त्वांचे आहेत. आकाशाला स्वतंत्र रंग नाही, आणि ताऱ्याचे पाचवे टोक चैतन्याचे मानून ती उणीव भरून काढली जाते.

चित्रांत मला सर्वांत सरस वाटते ते सेव्हन ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे या रंगाची सत्ती. अवजाराच्या दांड्यावर हनुवटी टेकून एक तरुण वेलीकडे पाहत उभा आहे. सहा नाणी वेलीवर लगडलेली आहेत आणि एक त्याच्या पायाशी पडलेले आहे. ते सातवे नाणे तोडून घेतलेले आहे की गळून पडलेले, हे चित्र सांगत नाही, आणि त्याच्या चेहऱ्यावर ना समाधान आहे ना निराशा. पेरणी आणि कापणी यांच्या मधला तो रिकामा काळ, जेव्हा जमिनीला घाई करता येत नाही, तो एवढ्याशा पानावर नेमका पकडला आहे. नाइट ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे घोडेस्वार योद्ध्याचे पान, हेही त्याच जातीचे आहे. चार रंगांच्या चारही नाइटांमध्ये फक्त याचाच घोडा जागेवर उभा आहे आणि मागे नांगरलेले शेत पसरले आहे. रीडिंगमध्ये, म्हणजे पाने मांडून अर्थ सांगताना, हे पान आले की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण त्याला वेग हवा असतो.

फाइव्ह ऑफ पेंटॅकल्सचा उल्लेख टाळता येणार नाही. बर्फात एक अनवाणी बाई आणि कुबड्या घेतलेला माणूस चालले आहेत, वर रंगीत काचांची उजळलेली खिडकी आहे आणि पाचही नाणी त्या काचांतच जडवलेली आहेत. पुष्कळ रीडर सरसकट सांगतात, की मदत शेजारीच आहे, फक्त मान वर करून पाहा. पान नीट पाहिले तर आत जायला दारच काढलेले नाही. पृथ्वीतत्त्वाचा अभाव म्हणजे केवळ पैशाची चणचण नव्हे, पायाखाली उबदार जमीन नसणे, हे त्या दोन पावलांतून कळते.

तक्रारीही आहेत. या डेकमधली पृथ्वी बहुतांशी माणसाळलेली आहे. बाग, कमान, द्राक्षमळा, सिंहासन सगळीकडे आहे. रान, चिखल किंवा कुजून खत होणारे पान कुठेच नाही. क्वीनच्या पानावरचा कोपऱ्यातला ससा आणि नाइन ऑफ पेंटॅकल्समध्ये जमिनीवरून सरकणारी गोगलगाय एवढीच काय ती मोकळी जीवसृष्टी, कारण त्याच पानातल्या ससाण्याच्या डोळ्यांवरही टोपी आहे. टेन ऑफ पेंटॅकल्समध्ये दहा नाणी कबाला या ज्यू गूढविद्येतल्या जीवनवृक्षाच्या मांडणीत चित्रावर नुसती चिकटवल्यासारखी दिसतात आणि खालच्या वृद्धाच्या सुंदर प्रसंगात व्यत्यय आणतात. मेजर अर्कानात वृषभ, कन्या आणि मकर या पृथ्वी राशी अनुक्रमे हायरोफंट (धर्मगुरू), हर्मिट (एकांतवासी साधू) आणि डेव्हिल (सैतान) या पानांना जोडलेल्या आहेत. त्यांपैकी जडपणाची काळी बाजू एकट्या डेव्हिलच्या पानावर दिसते. तिथल्या माणसांच्या गळ्यातल्या साखळ्या सैल आहेत आणि तरी कोणी त्या काढत नाही.

माझ्या प्रतीची छपाई मात्र निराश करणारी निघाली. हिरवा रंग भडक आहे, पाने इतकी गुळगुळीत आहेत की पिसताना हातातून निसटतात, आणि सोबतच्या पुस्तिकेने अख्ख्या पेंटॅकल्सचा अर्थ पैसा, नोकरी आणि मालमत्ता एवढ्यावर उरकला आहे. ती पुस्तिका मी पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवली. दर्शनशास्त्रात गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानतात. नव्या पाकिटाला तेवढा शाईचा वास मात्र भरपूर होता.

ज्यांना ध्यानासाठी एकच पान समोर ठेवायचे आहे त्यांनी प्रथेप्रमाणे एस ऑफ पेंटॅकल्स (एक्का) घेण्याऐवजी सेव्हन घेऊन पाहावे. एसमध्ये नाणे ढगातून आलेल्या हातावर आयते मिळते. छपाई निवडता येत असेल तर फिक्या, मूळच्या जवळ जाणाऱ्या रंगांची आणि खरबरीत कागदाची आवृत्ती घ्यावी, कारण गोगलगाय माझ्या प्रतीत हिरव्या रंगात जवळजवळ बुडाली आहे आणि ती मला सापडायला दोन वर्षे लागली.