बुबुळावरची 'बुरशी' खरंच बुरशी का? स्लाइड, कल्चर की पीसीआर

भंडारा-गोंदियात रोवणी सुरू झाली की बांधीतलं गढूळ पाणी डोळ्यात उडतं, कुणाला धानाचं पातं लागतं, आणि काही दिवसांत बुबुळावर पांढरा डाग दिसतो. डॉक्टर बुरशी सांगतात, तासातासाला नटामायसिन (बुरशीवरचे थेंब) सुरू होतं, तरी डाग कडेकडे सरकत राहतो. अशा वेळी पिथियम इन्सिडिओसमची शंका घ्यायची. हा पाण्यातला जीव दिसतो बुरशीसारखा, पण गोत तपकिरी शेवाळाचं. नटामायसिन बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉल या चरबीसारख्या घटकाला धरतं. पिथियममध्ये ते नसतंच, मग थेंब धरणार कशाला?

सगळ्यात आधी स्लाइड. डोळा बधिर करून डागावरची खरवड घेतात, काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तासाभरात उत्तर मिळतं, खर्चही थोडा. पण पिथियमचे धागे रुंद, रिबिनीसारखे, आडपडदे जवळपास नसलेले, आणि म्यूकर गटाच्या बुरशीचेही तसेच. घाईत पाहिलं की रिपोर्टवर नुसतं 'फंगस' येतं. आयोडीन आणि सल्फ्युरिक ॲसिडचा रंग दिला तर सेल्युलोजमुळे पिथियमचे धागे निळे-काळे होतात. स्वस्त युक्ती आहे, पण मागितल्याशिवाय सहसा कुणी करत नाही.

कल्चर म्हणजे खरवडीतला जीव प्रयोगशाळेत वाढवणं. त्यात ब्लड अगारवर (रक्त घातलेल्या जेलीवर) दोनेक दिवसांत चपटी, रंगहीन वाढ येते. पक्कं करायला ती गवताच्या पात्यासोबत पाण्यात ठेवतात. धाग्याच्या टोकाला फुगा येतो, फुटतो आणि झूस्पोर (पोहणारे बीजाणू) सळसळत पोहू लागतात. बघायला सुंदर, पण जमणारे हात मोजकेच.

पीसीआर ही जनुकीय तपासणी जीवाच्या डीएनएतल्या आयटीएस नावाच्या ओळखीच्या भागाच्या असंख्य प्रती काढते, मग सिक्वेन्सिंगने (त्या भागातली अक्षरं वाचून) नेमकं नाव कळतं. खात्री यातच सगळ्यात जास्त. पण नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, तोवर डोळा थांबत नाही.

माझं मत: स्लाइड आणि आयोडीनचा रंग पिथियमकडे बोट दाखवत असतील तर जनुकीय रिपोर्टची वाट न पाहता लिनेझोलिड-अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिक औषधांबद्दल डॉक्टरांशी त्याच दिवशी बोला, पुष्कळांना तरी पुढे बुबुळाचं रोपण लागतंच. पीसीआरचा खर्च तिथे करा, जिथे स्लाइड गोंधळलेली आहे किंवा बुरशीचं औषध देऊनही डाग वाढतोय. मोहरीएवढीही नसलेली खरवड सगळी स्लाइडवर संपते, म्हणून पहिल्याच वेळी विचारा, "थोडी पीसीआरसाठी ठेवाल का?" आणि तोवर मेडिकलवाल्याने दिलेले स्टेरॉइडचे थेंब डोळ्यात अजिबात घालू नका.