वीसपट ट्रिपलेट भिंग: दमट जंगलातल्या बारक्या लिव्हरवर्टसाठी घ्यावं का?

मॉस बघायला दहापट भिंग पुरतं, असं ज्याला विचारावं तो सांगतो. हा सल्ला बहुधा थंड प्रदेशात काम केलेल्यांकडून आलेला असतो आणि त्यांच्यापुरता बरोबरही असतो. उष्ण कटिबंधातल्या सदाहरित जंगलात मात्र बुंध्यावर, फांद्यांवर, इतकंच काय जिवंत पानांवरही जी हिरवी पुटं चढतात, त्यात लिव्हरवर्टची, म्हणजे मॉसच्या नात्यातल्या बारक्या बिनफुलांच्या वनस्पतींची गर्दी असते आणि त्यातही लेज्युनिएसी कुळाची. जगात लिव्हरवर्टच्या साडेसात हजारांच्या आसपास जाती आहेत, त्यातलं हे सगळ्यात मोठं कुळ. अंगानं मात्र चिल्लर! कित्येक जातींचं पान अर्धा मिलिमीटरही भरत नाही. दहापटीत ते हिरवे ठिपके दिसतात, बस्स. म्हणून हे वीसपट घेतलं आणि चांगलं दामटून वापरलं.

आधी विकत घेणाऱ्यांसाठी एक इशारा. बाजारात ‘४०×२५ मिमी’ असं कोरलेली चकचकीत भिंगं मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. हिशोब सोपा आहे: २५० ला नाभीय अंतरानं (भिंगापासून लांबच्या वस्तूची प्रतिमा जिथे पडते तिथपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये) भागलं की किती पट ते कळतं. चाळीसपट हवं तर नाभीय अंतर सव्वासहा मिमी पाहिजे. पण २५ मिमी व्यासाचा अख्खा काचेचा गोळा घेतला तरी त्याचं नाभीय अंतर १९ मिमीच्या आसपास येतं, म्हणजे फार तर तेरापट. मग त्या चपट्या काचेत चाळीस कुठून येणार? घरी तपासायचं तर लांबच्या खिडकीची प्रतिमा भिंगातून कागदावर पाडा आणि अंतर मोजा. माझ्या भिंगाचं साडेबारा मिमीच्या जवळपास भरलं, म्हणजे वीस हा आकडा खरा आहे. काच लहान आहे, करंगळीच्या नखाएवढी. खऱ्या वीसपटाची काच लहानच असते; मोठी दिसली की शंका घ्यावी.

ट्रिपलेट म्हणजे तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या. त्यामुळे कडेला जांभळी-पिवळी झालर येत नाही आणि चित्र कडेपर्यंत सरळ राहतं. रंगाची झालर आली तर पानाची कड दातेरी आहे की नुसती चकाकतेय हे कळत नाही, आणि इथे बरंचसं ओळखणं त्या कडेवर असतं.

आता प्रत्यक्ष काय दिसतं. झुडपाचं एक जुनं पान घ्या, ज्यावर हिरवट पापुद्रा चढलाय असं, आणि आकाशाच्या उजेडासमोर धरा. पापुद्र्याच्या जागी लिव्हरवर्टच्या फांद्या दिसायला लागतात. फांदीच्या दोन्ही बाजूंना पानांची एकेक ओळ, आणि प्रत्येक पानाच्या बुडाशी पानाचाच एक कोपरा दुमडून झालेली पाणी धरणारी पिशवी. फांदी सुईनं हलकेच सोडवून उलटी केली की खालच्या बाजूला बारक्या पानांची तिसरी ओळ आहे का ते बघायचं. लेज्युनिया या प्रजातीत (जातींच्या गटात) ती असते, कोलोलेज्युनियात नसते. म्हणजे जंगलात उभ्या उभ्या दोन प्रजाती वेगळ्या करता येतात, आणि या एका गोष्टीसाठी मी या भिंगाला पैकीच्या पैकी देईन. फ्रुलानिया या आणखी एका लिव्हरवर्टची पिशवी शिरस्त्राणासारखी पानापासून सुटी असते, ती दहापटीतही कळते. कोल्युरा या लिव्हरवर्टची पिशवी पानाच्या टोकाला फुगलेली असते. तिच्या तोंडाशी आत उघडणारी झडप असते आणि सूक्ष्म सिलिएट (बारीक केसांनी पोहणारे एकपेशीय) जीव आत शिरून अडकतात, हे २००० साली प्रयोगानं दाखवलं गेलं. झडप या भिंगातून दिसेल अशी आशा ठेवू नका, पिशवी मात्र झकास दिसते.

मॉस की लिव्हरवर्ट हा वाद तर लगेच मिटतो. पानाला मध्यशीर दिसली की मॉस. ती नसली तरी मॉस असू शकतं, पण पान दोन पाळ्यांत चिरलेलं असेल तर लिव्हरवर्टच धरा.

तक्रारीही आहेत. नमुना भिंगापासून जेमतेम बारा मिमीवर धरावा लागतो आणि त्या अंतरात उजेड शिरायला जागा नसते. टोपीची सावली पडते, कपाळाची पडते. चित्राला खोली नाही, पानाचं टोक स्पष्ट झालं की बूड धूसर होतं. भिंग डोळ्याला लावून नमुना जवळ आणायचा ही नेहमीची पद्धत इथे सक्तीचीच आहे. बुंध्याला नाक लावून बघायचा हट्ट धरलात तर मुंग्या समाचार घेतात. एलईडी दिव्याचं मॉडेलही मिळतं, पण समोरून पडलेला उजेड ओल्या पानावर चमकतो आणि बघायचं तेच झाकतो. शिवाय दमट हवेत बॅटरीच्या पत्र्या गंजतात. बिनदिव्याचंच घ्या.

दुसरी तक्रार खिळीची. आवरण आणि भिंग जोडणारा स्क्रू सैल होत जातो आणि भिंग आपोआप बाहेर लोंबायला लागतं. जमिनीवर चालून जातं, पण दोरावर लटकून काम करणाऱ्यांनी विचार करावा. गयानाच्या जंगलात १९८० च्या दशकात दोरानं चढून केलेल्या अभ्यासापासून हे पक्कं झालंय की नुसता बुंध्याचा खालचा भाग तपासला तर जंगलाच्या छतातल्या, म्हणजे उंच शेंड्यांवरच्या जाती हातच्या जातात. पुढे २००३ साली सुचवलेल्या पद्धतीत तर हेक्टरी पाच मोठी झाडं बुडापासून शेंड्यापर्यंत तपासायला सांगितलंय. तिथे एक हात दोरावर असताना उघडझाप एका हातानं व्हायला हवी. हे भिंग नवं असताना फार घट्ट आणि जुनं झालं की फार सैल. वर फक्त नमुने पाकिटात भरावेत, भिंग खाली उतरून काढावं.

आणि भिंग म्हणजे सूक्ष्मदर्शक नव्हे. लिव्हरवर्टच्या पेशींत तैलपिंड, म्हणजे तेलकट द्रव्याचे बारीक कण असतात. त्यांची संख्या, आकार, रंग यांवरून अनेक जाती ठरतात. नमुना वाळला की ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत नाहीसे होतात. ते बघायला चारशेपट लागतं, तेही नमुना ताजा असताना. म्हणून मुक्कामावर सूक्ष्मदर्शक नसेल तर लेज्युनिएसीच्या जातीपर्यंत पोचायची घाई करू नये. रिचर्ड स्प्रूस हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४९ ते १८६४ अशी पंधरा वर्षं अ‍ॅमेझॉन आणि अँडीजमध्ये हिंडला, आणि तिथल्या लिव्हरवर्टवरचा त्याचा ग्रंथ आला १८८४-८५ मध्ये. टेबलावरचं काम असं असतं!

देखभालीचं सांगायचं तर दमट हवेत काचेवर बुरशी धरते. एकदा तिचे तंतू काचेच्या लेपात रुतले की पुसून जात नाहीत. फिरून आल्यावर भिंग कोरडं करून सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या खड्यांच्या) डबीत ठेवावं. पुसण्याआधी फुंकर मारावी, नाहीतर मातीचा कण ओरखडा काढतो.

फक्त मॉसवर काम असेल, पोगोनॅटमसारखी भरदार मॉस बघायची असतील, तर वीसपट घेऊ नका, दहापट ट्रिपलेटमध्ये डोळ्यांना जास्त आराम आहे. दोन्ही परवडत असतील तर एकाच दोरीला दोन्ही अडकवा. पानांवरची पुटं तपासणाऱ्याला आणि लिव्हरवर्टच्या मागे लागलेल्याला मात्र वीसपट घ्यायला सांगेन. पाचपैकी चार. एक गुण त्या स्क्रूपायी गेला. सोबत काळी दोरी येते, ती काढून भडक नारिंगी लावा, पालापाचोळ्यात काळी दोरी सापडत नाही.