हॅन्डलवरची उंच काच : थंडीत मस्त, वावधनात (सोसाट्याच्या वाऱ्यात) काढूनच ठेवा

अकोट-अकोला रोडवर नेहमीचं जाणंयेणं, मोटरसायकल साधी ११०-११५ किलोची, म्हणून छातीवरचा वारा अन् संध्याकाळचे किडे अडवायले ही क्लॅम्पवर बसणारी उंच काच घेतली. काच जाड आहे, खडखड करत नाही, अन् हिवाळ्यात पहाटे निघालं तर लय आराम, तिथं पैसे वसूल.

पण उन्हाळा लागला की हीच काच डोक्याला ताप. आपला खारपाणपट्टा (खाऱ्या पाण्याचा पूर्णाकाठचा भाग) सपाट, आडोसा नाही, रोड उत्तर-दक्षिण अन् वारा पश्चिमेचा, म्हणजे पूर्ण आडवा. गांधीग्रामले पूर्णेच्या पुलावर चढलं की झोत काचेवर बसतो आणि काच हॅन्डललाच कसलेली असल्यानं धक्का सरळ पुढच्या चाकात, हॅन्डल हातातल्या हातात वळायले पाहते. बऱ्याच मोठ्या मोटरसायकलींची काच चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बसवलेली असते, तिथं गाडी हलते पण हॅन्डलला असा हिसका नाही बसत. अन् वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून ३० च्या वाऱ्यात काही कळत नाही आणि ६० च्या झटक्यात गाडी रोडच्या कडेला.

सगळ्यात बेकार म्हणजे समोरून येणारा ट्रक. अकोल्याकडे जाताना वारा उजवीकडून, त्यामुळे गाडी आपोआप उजवीकडे कलती धरलेली असते, ट्रक बाजूला आला की वारा एकदम बंद अन् गाडी ट्रककडेच सरकते, ट्रक गेला रे गेला की फटकन डावीकडे. काच काढून त्याच रोडनं गेलो, झटका तेव्हाही लागला पण हॅन्डल शांत होतं.

काच ठेवायचीच असेल तर भाऊ, वारा सुटल्यावर ४०-४५ च्या वर जाऊ नका. हॅन्डल आवळून धरू नका, कोपर सैल ठेवा, गुडघे टाकीला चिकटवा अन् वारा ज्या बाजूचा त्या बाजूची मूठ हलकीच पुढे दाबा, गाडी वाऱ्याकडे कलते अन् सरळ चालते. वरून मागे कॅरिअरवर उंच बोजा तर बिलकुल नको.

बनवणाऱ्यांनी खोक्यावर आडव्या वाऱ्याची एक ओळ तरी छापायले पाहिजे होती, हा जिवाचा मामला आहे. हिवाळ्यासाठी ४ स्टार, मार्च ते जून १. वावराच्या मोकळ्या रोडनं फिरणाऱ्यांनी मीटरपुरती बुटकी काच घ्यावी, किडे थोडे लागतील पण चालते.