‘1958चा, सगळा ओरिजिनल’ म्हणून गळ्यात मारलेला पाच वॉटचा अ‍ॅम्प

जाहिरातीत लिहिलं होतं: फेंडर चॅम्प (गिटारचा छोटा अ‍ॅम्प), ट्वीड कापड, 1958, आतलं सगळं मूळचं, फक्त धूळ पुसली आहे. फोटो सहा, पण मागची फळी काढलेला एकही नाही. सोबत आवाजाची छोटी क्लिप. पैसे गेले, अ‍ॅम्प आला आणि वाजलाही झकास. त्यामुळे फळी उघडायला उशीर झाला. तोवर वस्तू परत घ्यायची मुदत संपली होती.

वाजणारच होता म्हणा. चॅम्पच्या 5एफ1 या सर्किटमध्ये आहेच काय? तीन ट्यूब, म्हणजे एक 12एएक्स7, एक 6व्ही6जीटी, एक 5वाय3जीटी रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी), आठ इंची स्पीकर आणि व्हॉल्यूमचा एकच नॉब. शेवटच्या टप्प्यात एकटी ट्यूब, ताकद जेमतेम पाच वॉट. म्हणून खोलीत सोसवेल एवढ्या आवाजातच तो फाटायला लागतो, आणि लोक त्या फाटण्यावरच जीव टाकतात. पण सर्किट इतकं सोपं आणि जगजाहीर असल्यामुळे त्याची किटंही (घरी जोडायच्या भागांचे संच) मिळतात. नीट जोडलेलं किट कानाला दगा देत नाही. किट वाईट नसतं. ते 1958चं म्हणून विकणं ही चोरी आहे. आवाजाची क्लिप हा पुरावा धरूच नका.

खोक्याच्या आत चिकटवलेल्या ट्यूब चार्टवर (कुठली ट्यूब कुठे ते दाखवणारा कागद) शिक्का होता ‘एचएच’. पहिलं अक्षर वर्षाचं: ए म्हणजे 1951, म्हणून एच म्हणजे 1958. दुसरं महिन्याचं: ऑगस्ट. स्पीकरच्या लोखंडी सांगाड्यावर 220832. यातले 220 म्हणजे जेन्सन ही स्पीकर कंपनी, 8 हा वर्षाचा शेवटचा अंक, 32 हा आठवडा. तोही ऑगस्ट 1958. कागद आणि स्पीकर दोन्ही जुळले, म्हणून खरेदीदार खूश. खरं तर इथेच शंका यायला हवी होती. जेन्सनचा कारखाना शिकागोत, फेंडरचा कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये. स्पीकर बनून, प्रवास करून, पडून राहून खोक्यात बसेपर्यंत आठवडे, कधी महिने जात. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये सुट्या भागांच्या तारखा थोड्या पुढेमागे पसरलेल्या असतात. इथे कुणीतरी स्पीकर पाहून शिक्का मारला होता. भिंगाखाली चार्टवरची अक्षरं रंगीत ठिपक्यांची दिसली, म्हणजे प्रिंटरवर काढलेली. शिवाय सांगाड्यावरचा आकडा फक्त सांगाड्याचं वय सांगतो. कोन आणि कॉइल नवे घातले तरी तो तसाच राहतो. इथला कोन नवाच होता.

व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबमागचा फिरणारा रेझिस्टर) 3046427. 304 म्हणजे स्टॅकपोल कंपनीचं पॉट. 64 म्हणजे 1964, 27वा आठवडा. एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नये, कारण पॉट झिजतं आणि दुरुस्तीत बदललं जातं. निकाल लागला तो पॉवर ट्रान्सफॉर्मरवर. त्यावर कसलाही कोड नाही, आणि प्रायमरीला (मेनच्या बाजूच्या वेटोळ्याला) 120, 220 व 240 व्होल्टच्या वेगवेगळ्या वायरी. त्यातल्या न वापरलेल्या दोन वायरी हीटश्रिंकची (तापवल्यावर आवळणारी नळी) टोपी घालून बाजूला दुमडलेल्या. अमेरिकेत विकलेल्या चॅम्पला 117 व्होल्टची एकच प्रायमरी असे. सुटे भाग जोडायची काळी फायबर पट्टी आणि कापडी वायर बघून भुलू नका, दोन्ही आजही नवी मिळतात. सोल्डरचे डाग बघा. इथले सगळे एकाच वेळचे, सारखेच चकचकीत. खऱ्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये फिल्टर कपॅसिटर (डीसीतली गुणगुण गाळणारे भाग) कधी ना कधी बदललेले असतात, म्हणून तिथले डाग नवे आणि बाकीचे मळकट, निस्तेज. सगळंच मूळचं आणि गुणगुण अजिबात नाही, हे दोन दावे एकत्र आले की सावध व्हा. साठ वर्षांचे हे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एवढे शहाणे नसतात.

दुसरी लबाडी जास्त महाग पडली. आवाज जोरकस वाटावा म्हणून 5वाय3च्या जागी जीझेड34 ही दुसरी रेक्टिफायर ट्यूब बसवली होती. तिच्यात कमी व्होल्टेज खर्च होतं, म्हणून पुढे जास्त जातं. 6व्ही6च्या कॅथोडला (ट्यूबमधलं करंट सोडणारं टोक) 470 ओहमचा रेझिस्टर असतो आणि मूळ नकाशात तिथे सुमारे 19 व्होल्ट, म्हणजे 40 मिलिअ‍ॅम्पिअर. इथे 24 व्होल्ट मिळाले, म्हणजे 51 मिलिअ‍ॅम्पिअर. प्लेटवर (करंट झेलणारं टोक) 370 व्होल्ट. त्यातून 24 वजा करून गुणलं तर साडेसतरा वॉट. स्क्रीनचा (मधल्या जाळीचा) करंट बाजूला काढला तरी सोळाच्या वर, आणि 6व्ही6च्या प्लेटची जुनी मर्यादा 12 वॉट. अंधारात प्लेट लालसर दिसत होती. ‘न वापरलेली जुनी’ म्हणून दिलेल्या त्या 6व्ही6च्या काचेवरची छपाई मात्र कोरी करकरीत.

हे आकडे काढताना 300 व्होल्टच्या वरचा डीसी समोर असतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर भरलेले राहतात. 10 किलोओहम, 5 वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून ते रिकामे करा आणि शून्य झालं का ते मीटरवर बघा. सवय नसेल तर मोजणी जाणकाराकडून करून घ्या.

याच बाजारात दुसरा एक छोटा प्राणी फिरतो, तो फक्त खिशाला नाही, जिवाला भारी. आत 35डब्ल्यू4 आणि 50सी5 या ट्यूब दिसल्या आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर दिसलाच नाही, तर चासी (भाग बसवलेली धातूची पेटी) आणि गिटारच्या तारा थेट मेनशी जोडलेल्या असू शकतात. ‘गोंडस जुना अ‍ॅम्प’ म्हणून विकणारा हे सांगत नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (अ‍ॅम्पला मेनपासून वेगळं करणारा) बसवल्याशिवाय त्याला प्लगच लावू नका.

पैसे देण्याआधी चार फोटो मागा: चार्टचा शिक्का, पॉटची पाठ, ट्रान्सफॉर्मरच्या वायरी चासीत शिरतात ती जागा, आणि चासी बाहेर काढून पट्टीवरचे डाग. मागची फळी मोजक्या स्क्रूंवर असते, पाच मिनिटांचं काम. या व्यवहारात विक्रेत्याने ‘उघडलं तर मूळपण जाईल’ असं उत्तर दिलं होतं. आणि त्या फळीच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाचे ताजे ओरखडे होते.