राजाराम बंधाऱ्याचं पूरपत्रक आणि फ्लडवॉच ॲप: पंचगंगाकाठी कुणाचं काय वाचावं

पावसाळ्यात कोल्हापुरात 'पाणी किती?' असं विचारलं की उत्तर एकाच आकड्यात येतं: कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती फूट, किती इंच. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या पत्रकात हा आकडा असतो, शिवाय धरणांचा विसर्ग आणि पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची नावं. फुकट मिळणाऱ्या सेवांत इतक्या उपयोगाची दुसरी क्वचितच असेल. मात्र ते नीट वाचता आलं पाहिजे.

पहिली गफलत इंचांची. ४१'०६" म्हणजे साडेएकेचाळीस फूट, ४१.६ नव्हे. पुढे पाठवताना कुणी टिंब देऊन ४१.१० लिहिलं की ते ४१.९ पेक्षा कमी वाटतं. प्रत्यक्षात पाणी एक इंच चढलेलं असतं. दुसरी गफलत वेळेची. वाचनाची वेळ कापलेला फोटो काहीच कामाचा नाही, कारण नुसत्या पातळीपेक्षा चढ महत्त्वाचा आणि तो आपणच काढायचा असतो. ४ तासांत ८ इंच चढलं तर तासाला २ इंच. त्या गतीनं ३९ वरून ४३ फुटांवर यायला २४ तास लागतील.

इथेच मोठा धोका आहे. नदी पात्राबाहेर पडली की पाणी शेतांत पसरतं आणि इंच हळूहळू चढू लागतात. चढ मंदावला म्हणजे पूर सरला, असा समज तेव्हा होतो. खरं तर तेवढ्याच एका इंचाला आता कितीतरी जास्त पाणी लागतंय, आणि ते येतंच आहे. प्रयाग चिखली, आंबेवाडीकडच्यांनी जनावरं हलवण्याचा निर्णय अशा मंद चढावर पुढे ढकलू नये.

बंधाऱ्यांच्या एकूण संख्येपेक्षा नावं वाचावीत. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे पंचगंगेवरचे. ते साध्या दमदार पावसातही बुडतात. बंधारा बुडाला याचा पहिला अर्थ त्यावरचा रस्ता बंद, एवढाच.

राधानगरी धरणाचा रकाना मात्र बारकाईनं पाहावा. तिथले ७ दरवाजे स्वयंचलित आहेत; धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट पाणी). चार उघडले आणि वीजगृहाचे १५०० धरले तर ७२१२ क्युसेक. दिवसभर ११,५७४ क्युसेक वाहिलं की १ टीएमसी (अब्ज घनफूट) होतं, म्हणजे हा विसर्ग दिवसाला साधारण ०.६ टीएमसी. पण धरणाखालच्या मुक्त पाणलोटात, म्हणजे जिथलं पाणी धरणात न अडता थेट नदीत येतं तिथे, आणि गगनबावड्याकडे कोसळणारा पाऊस या हिशेबात येत नाही. दरवाजे बंद असूनही पातळी चढते ती त्यामुळेच.

केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' (ऑगस्ट २०२३) पुढचं पाहायला चांगलं. हिरवा, पिवळा, नारंगी, लाल हे रंग चटकन कळतात आणि सात दिवसांपर्यंतचा कलही दिसतो. २४ तासांच्या अंदाजावर जास्त भिस्त ठेवावी; सात दिवसांच्या आकड्यावर फक्त तयारी करावी. अडचण अशी की पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते आणि सुरुवातीला माहिती इंग्रजी-हिंदीतच आली. आपल्याकडे लोक फुटांत विचार करतात. म्हणून ॲपमधल्या पातळीचं फुटांत रूपांतर करत बसू नका, तिची शून्यपातळीच वेगळी. फक्त फरक घ्या: ०.३० मीटर चढ म्हणजे जवळपास १ फूट.

सांगलीकरांसाठी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे इशारा आणि धोक्याचे आकडे ४० आणि ४५ फूट, नजर कोयनेच्या विसर्गावर. २०१९ मध्ये तिथे ५७ फुटांवर पाणी गेलं होतं, तर राजाराम बंधाऱ्यावर ५५ च्या वर. कोल्हापूरकरांनीही आयर्विनची पातळी पाहावी. नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला फुगवटा येतो, पुढे वाट मिळत नाही. अशा वेळी पाऊस थांबूनही पाणी ओसरायला दिवस लागतात. राजारामचा आकडा ४३ च्या खाली उतरला, पण आयर्विनचा अजून चढतोय, तर सामान परत घरी न्यायची घाई करू नका.