आयुकाचा शनिवार की ‘चाय अँड व्हाय?’चा रविवार

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची विज्ञान-व्याख्यानं मुळात शाळकरी मुलांसाठी. चंद्रशेखर सभागृहातला पडदा मोठा, त्यामुळे दीर्घिकांची चित्रं खुलतात; पण मागच्या रांगेतल्या मुलाचा प्रश्न माइक पोहोचेपर्यंत विरतो. शंकाखोर मूल असेल तर पुढेच बसवा.

टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) ‘चाय अँड व्हाय?’ हे विज्ञानगप्पांचं सत्र २००९पासून मुंबईत रविवारी चालतं, सर्वांसाठी, मोफत. जुहूच्या पृथ्वी थिएटरात रंगमंचाच्या तीन बाजूंना प्रेक्षक. प्रयोग हाताच्या अंतरावर दिसतो, पडदा मात्र बाजूच्या जागांवरून तिरका. आलेख वाचायचे तर मधली जागा धरा. इथे वक्ता फसतो तो आलेखातच: अक्षांवर काय मोजलंय हे न सांगता पुढची स्लाइड आली की श्रोते सुटलेच. तरी प्रौढांनी वाद घालायला हीच जागा बरी. चहाही असतो.